प्रोसेसर बदलण्याआधी एवढं तपासा
कॉम्प्युटर रखडतोय म्हणून लगेच नवा प्रोसेसर घेऊ नका. ज्या कामात तो अडतो तेच काम चालू ठेवा, विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब बघा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवा, मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम वाढवा.

सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा मात्र फसवा असतो, इथे बरेच जण चुकतात. ८ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एकच थ्रेड जिवाच्या आकांताने राबत असला, तरी एकूण वापर १२-१३ टक्केच दिसतो. आकडा तिथेच अडकून बसला, तर जास्त कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) घेऊन उपयोग नाही. प्रत्येक कोअर वेगवान असलेला प्रोसेसर हवा.

गेममध्ये रिझोल्यूशन उतरवून पाहा. फ्रेम रेट तरीही हलला नाही तर अडचण बहुधा प्रोसेसरचीच.

मग सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या जुन्या मदरबोर्डवर अनेकदा नुसतं बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर चालतो. असा बदल मला खरंच पैसे वसूल करणारा वाटतो. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटचा प्रोसेसर घ्यायचा असेल तर मदरबोर्ड आणि नव्या प्रकारची डीडीआर५ रॅमही हिशेबात धरा.