परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? कोर्सची फी भरण्याआधी हे बघा

कॉलेज रोडवर टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण) कोर्सच्या जाहिराती पाहून बरेच जण आधी पैसे भरतात आणि व्हिसाचे नियम नंतर वाचतात. क्रम उलटा ठेवा.

१. आधी त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर पासपोर्टची अट बघा. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा (परदेशी भाषाशिक्षकांसाठीचा) साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो, त्यात भारत नाही. तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो! भारतीयांसाठी वेगळी वाट आहे का, तेही तिथेच विचारा.

२. मग पदवी. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी मागतात. तिच्यावर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण, लागतो. देश हेग कराराबाहेरचा (अपोस्टील न मानणारा) असेल तर अपोस्टीलऐवजी वकिलातीचा शिक्का.

३. पोलीस क्लिअरन्स (तुमच्यावर गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, पण नोकरी पक्की होत आल्यावरच. जुनं झालं की पुन्हा काढावं लागतं.

४. टेफल सगळ्यात शेवटी, आणि १२० तासांचाच घ्या. नोकरीच्या जाहिरातींत बहुतेक तेवढेच मागतात.

सावधान: विद्यापीठाचं मूळ पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. अपोस्टीलचा स्टिकर मूळ कागदाच्या मागे लागतो, प्लास्टिकवर नाही.