नागपुरातल्या नागनदीकाठच्या वस्त्यांनी मिरगाआधी करायची तयारी

पहिलं काम भर उन्हाळ्यातच उरकावं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी कुठवर चढलं होतं, ते घरोघरी विचारून भिंतींवर ऑइलपेंटने रेघ मारावी. त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. रंगकाम झालं की भिंतीवरच्या पुराच्या डागासोबत आठवणही पुसली जाते. ही रेघ जलसंपदा विभागाच्या पूररेषांशी ताडून बघावी. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

खरं काम यापुढे आहे. निळ्या रेषेच्या आत अजून मोकळी असलेली प्रत्येक जागा, मैदान असो, बगीचा असो की पडीत, यादीत घ्यावी आणि तिथे मुरूम पडू देऊ नये. एकाने भर टाकून प्लॉट उंच केला की त्याच्या वाटचं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. नदीला पसरायला जागा मिळाली तरच तिचा जोर ओसरतो. उघड्या काठांवर वाळा, करंज, उंबर लावावेत, पण पात्रात काही लावू नये. मला तर सिमेंटच्या भिंतीपेक्षा हे काठ जास्त भरवशाचे वाटतात.

म्हणूनच पहिल्या बैठकीपासून नदीच्या वरच्या अंगाला लाव्हा-वाडीकडचे आणि खाली पारडीकडचे लोक सोबत हवेत. इथे बांधलेल्या भिंतीचा त्रास तिकडे होतो, आणि वरून आलेला एक फोन खालच्यांना आवरायला वेळ देतो.

मनपा दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा नदीतला गाळ काढते. तो काठावरच राहिला तर पहिल्याच पावसात परत पात्रात जातो, म्हणून तो उचलला जाईपर्यंत झोन कार्यालयाचा पिच्छा सोडू नये. पुलांखाली अडकलेल्या फांद्या-प्लास्टिकचे फोटोही तिथेच द्यावेत.

घरात कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवावी आणि विजेचं मेन स्विच कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असावं. तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेलं कोण आहे आणि त्यांना वर कोण नेणार, हे नावानिशी ठरवावं. ११२ (तातडीची मदत) आणि १०१ (अग्निशमन) हे नंबर लेकरांनाही पाठ हवेत.

पोळा झाला म्हणून गाफील राहू नये. २०२३ चा पूर गणेशोत्सवात आला होता. मंडळांची पोरं रात्री जागीच असतात. दोर, टॉर्च आणि शिट्ट्या त्यांच्याकडे द्याव्यात, आणि विसर्जनानंतरचा पहारा दसऱ्यापर्यंत गल्लीगल्लीत वाटून घ्यावा.