पोलीस ठाण्यात माणसं किती, हे विचारायचं कसं आणि कुणाला

‘पोलीस कमी आहेत हो’ हे आमच्या वसई-विरारच्या प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकू येतं. कुणाची सोनसाखळी खेचली, कुणाची बाईक गेली, चर्चा होते आणि या वाक्यापाशी येऊन थांबते. किती कमी आहेत, कुठे कमी आहेत, भरायचे कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. नागरिकांनी ते विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. चुकलेल्या पोलिसाची तक्रार करणं ही देखरेखीची एक बाजू झाली. ठाण्याला माणसं पुरेशी आहेत का आणि ती कोणत्या कामाला लावली आहेत, हे पाहणं ही दुसरी बाजू आणि ती सगळीकडे दुर्लक्षित आहे.

मी सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. ड्युटी लावणं हे माझं रोजचं काम होतं. वॉर्डाला किती सिस्टर मंजूर आहेत ते कागदावर असतं. रात्री दोन वाजता पेशंटपाशी किती जणी आहेत हा आकडा वेगळाच असतो. पोलीस ठाण्याचंही तेच. तिथे तीन आकडे असतात: मंजूर, कार्यरत आणि प्रत्यक्ष ड्युटीवर. पेपरात ‘रिक्त पदे’ म्हणून येते ती पहिल्या दोघांची वजाबाकी. तुम्ही तिसरा आकडा मागा.

सुरुवात घरबसल्या करा. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं. त्याआधी हा भाग ठाणे ग्रामीण आणि पालघर जिल्हा पोलिसांकडे होता. आपलं ठाणं कोणतं, ते कोणत्या परिमंडळात येतं, तिथले उपायुक्त कोण, हे आधी लिहून ठेवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. त्यात अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूचीही येते. ती वाचा. जुनी असेल तर तारखेसकट नोंद करा, पुढे कामाला येते.

मग अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत हवा. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइनही करता येतो. ‘आमच्याकडे गस्त का होत नाही?’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण हा कायदा नोंदी देतो, खुलासे नाही. म्हणून नोंदच मागा. मी असा मजकूर लिहिते:

‘___ पोलीस ठाण्याबाबत, मागील महिन्याच्या शेवटच्या दिवशी: (१) संवर्गनिहाय मंजूर पदे, (२) कार्यरत पदे, (३) कार्यरत असूनही अन्य शाखेत किंवा कार्यालयात संलग्न असलेल्यांची संख्या, (४) दीर्घ रजा व प्रशिक्षणावरील संख्या, (५) त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या व शनिवारच्या कर्तव्य वाटप नोंदीनुसार पाळीनिहाय व कामनिहाय हजर संख्या. नावे नकोत, फक्त संख्या द्यावी.’

‘नावे नकोत’ हे लिहायचंच. खाजगी माहिती म्हणून नकार द्यायला मग जागा राहत नाही. सरलेला महिना मागायचा, कारण पुढच्या बंदोबस्ताची माहिती सुरक्षेच्या कारणाने नाकारली जाऊ शकते. अर्ज आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा; माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील.

उत्तर आलं की कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा, एका ठाण्याला १२० पदं मंजूर आहेत आणि ९६ कार्यरत. रिक्त २४. पेपरची बातमी इथे संपते. आता ९६ मधून इतरत्र संलग्न १४ काढा, उरले ८२. दीर्घ रजा आणि प्रशिक्षणाचे ७ गेले, ७५. साप्ताहिक सुट्टी खरोखर दिली तर रोज सातातला एक घरी, म्हणजे ११ गेले, ६४. कोर्टाचं काम, समन्स-वॉरंट, मुद्देमाल, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक यंत्रणा), गोपनीय माहितीचं काम आणि कार्यालय यांत २२ धरा, उरले ४२. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या तर एका पाळीला २१, आठ तासांच्या तीन केल्या तर १४. याच १४ जणांत ठाणे अंमलदार, कोठडीचा पहारा, ११२ या मदत क्रमांकाची गाडी आणि बीट मार्शल (आपापल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, गस्त घालणारे) बसवायचे. कागदावरच्या १२० चा रस्त्यावर काय अर्थ उरतो, हे तेव्हा दिसतं. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली सुरू झाला. माणसाने माणसासारखं काम करावं म्हणून मला तो मनापासून पटतो, पण त्याला माणसं लागतात, हे आकडे मांडल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

लोकसंख्येशी तुलना करताना सांभाळा. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार आणि मीरा-भाईंदरची ८ लाख ९ हजार होती. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. म्हणून ‘लाखामागे पोलीस’ काढताना आकडा २०११ चा आहे असं स्पष्ट लिहा.

आता उद्दिष्टं. ‘गुन्हे कमी करा’ अशी मागणी कृपा करून करू नका. नोंद झालेले गुन्हे कमी दिसणं हेच उद्दिष्ट ठरलं की तक्रार लिहून न घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग होतो. पोलीस खात्यात त्याला ‘बर्किंग’ म्हणतात. प्रतिबंधक कारवायांची किंवा चलनांची संख्याही मागू नका. ती हवी तेवढी फुगवता येते. मी तीनच गोष्टी धरते: ११२ वर फोन आल्यापासून पोलीस पोहोचेपर्यंतचा वेळ, ९० दिवसांहून जास्त काळ तपासावर असलेली प्रकरणं, आणि तक्रारदाराला तपासाची प्रगती कळवली की नाही. तिसरी गोष्ट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे: ९० दिवसांत प्रगती कळवायची. झडतीचं चित्रीकरण आणि सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं यांनीही तपासाचं काम वाढवलं आहे. काम वाढलं, मग मंजूर पदं वाढली का, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

कुणापाशी काय मागायचं हे चुकलं तर सगळं फुकट जातं. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या हातात नवीन पद नसतं. त्यांच्याकडे बीटची आखणी आणि गस्तीच्या वेळा याबद्दलच बोला. संलग्न केलेली माणसं परत ठाण्यात आणणं आयुक्तालयाच्या हातात. मंजूर पदं वाढवणं गृह विभागाचं काम. त्यासाठी आमदारांना गाठा आणि तक्ता देऊन विधिमंडळात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) विचारायला सांगा, तेही अधिवेशनाच्या बरंच आधी. नगरसेवकाला यातलं काहीच करता येत नाही, महापालिकेचा पोलिसांवर अधिकार नाही.

धोरण आणि कामगिरीचं मूल्यमापन यांसाठी राज्य सुरक्षा आयोग आहे. सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी तसा आदेश दिला आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तो आणला. त्यात गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेत्यांबरोबर बिगरसरकारी सदस्यांचीही तरतूद आहे. त्याच्या बैठकांची इतिवृत्तं मंत्रालयातल्या गृह विभागाकडे मागा. याच दुरुस्तीनुसार पोलीस निरीक्षकाचा एका ठाण्यातला नेहमीचा कार्यकाळ दोन वर्षांचा. आपल्या ठाण्यात गेल्या पाच वर्षांत किती वरिष्ठ निरीक्षक झाले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हेही एका वेगळ्या अर्जात विचारा. दर काही महिन्यांनी साहेब बदलत असतील तर त्यांच्याकडून वर्षाचं उद्दिष्ट घेण्यात अर्थ नाही.

भेटीला तीन-चार जणच जा, त्यात एक तरी बाई असू द्या, आणि एका पानाचा तक्ता न्या. २ जानेवारीपासूनचा पोलीस रेझिंग डेचा (स्थापना दिनाचा) आठवडा पहिल्या ओळखीसाठी चांगला. त्या दिवसांत ठाण्याची दारं मुद्दाम नागरिकांसाठी उघडी असतात. आवाज चढवू नका. रात्रपाळी करून पुन्हा सकाळी बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाई तुमच्या तक्त्यातल्या त्याच १४ जणांतला आहे, तुमची मागणी त्याच्याही बाजूची आहे, हे बोलण्यात दिसलं पाहिजे. ठरलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी पत्राने कळवा आणि पोच घ्या.

सहा महिन्यांनी तोच अर्ज, त्याच पाच मुद्द्यांसह, पुन्हा करा. शब्द बदलू नका, नाहीतर दोन उत्तरांची तुलना होत नाही. नवा तक्ता कुठेही टाकण्याआधी त्याची एक प्रत ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना द्या आणि त्यांना काही दुरुस्ती सांगायची असेल तर आठ दिवस थांबा.