बीट-गाजराची रोपं कागदाच्या नळीत करून नळीसकट कशी लावावीत

गाजर, बीट, मुळा यांचं बी थेट वाफ्यात टाकावं, असं जाणते सांगतात आणि ते खरंच आहे. रोप उपटून लावताना सोटमूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. पण सोलापुरात ऑक्टोबरच्या उन्हात वाफ्याचा वरचा थर दुपारपर्यंत वाळून जातो आणि गाजराला उगवायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस वाफा ओला ठेवायला रोज पाणी लागतं, आणि शहरात नळ काही रोज येत नाही. म्हणून बी सावलीत कागदाच्या नळीत उगवून घ्या. नळी मातीत कुजते आणि मुळाला हात लागत नाही.

मुळ्यासाठी हा खटाटोप करू नका. तो चार-पाच दिवसांत उगवतो, थेटच पेरा.

वर्तमानपत्राची पट्टी लाटण्याभोवती दोन-तीन वेढे गुंडाळा आणि कडेला गव्हाच्या पिठाची खळ लावा. चकचकीत रंगीत कागद घेऊ नका. बिटाला 10 सेंमी उंची पुरते, गाजराला 15 सेंमी हवी. पळसाचे द्रोण सोटमुळाला उथळ पडतात आणि करवंटी एका हंगामात कुजत नाही. नळ्या ट्रेमध्ये एकमेकींना खेटून उभ्या करा, म्हणजे बूड बंद करावं लागत नाही.

आत कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा. नुसती काळी माती वाळली की आवळते. बिटाचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा झुपका. तो रात्रभर भिजवून दीड सेंमी खोल टाका. गाजराच्या दोन-तीन बिया अर्धा सेंमी खोल पुरतात. उगवल्यावर जोमदार रोप ठेवा आणि बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारचं मूळ हलतं. कोंब दिसताच ट्रे सकाळच्या उन्हात आणा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात.

गाजराच्या बाबतीत पानं मोजत बसू नका, मूळ पानांच्या पुढे धावतं. नळीच्या बुडाशी पांढरं टोक दिसलं की त्याच संध्याकाळी लावा. बीट तीन-चार पानांवर आलं की चालतं.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यात गाजर सरळ उतरत नाही. त्यासाठी 30 सेंमी उंच गादीवाफा भुसभुशीत करून घ्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, ताज्या शेणानेही फाटे फुटतात. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की नळ्या चांगल्या भिजवून उभ्या लावा, गाजर 8 सेंमीवर, बीट 12 सेंमीवर. कागदाची वरची कड मातीबाहेर राहिली तर ती आतला ओलावा शोषून हवेत उडवते. म्हणून कड फाडून टाका, पण रोपाचा गाभा, म्हणजे नवी पानं फुटतात ती जागा, मातीने झाकू नका.

दोन-तीन दिवस दुपारची सावली करा आणि ओळींमध्ये ज्वारीच्या कडब्याचे तुकडे पसरा. पाणी बेताने पण नियमित द्या. कोरड पडून एकदम भरपूर पाणी मिळालं की गाजर तडकतं. दसऱ्याच्या सुमारास बी टाकलं असेल तर बीट डिसेंबरात निघेल आणि गाजर भोगीच्या भाजीला.