जोधपुरात नहरबंदीसाठी घरचा टांका कसा राखावा

जोधपूरच्या नळाला येणारे पाणी फार लांबून येते. पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी राजीव गांधी लिफ्ट कालव्यातून उपसून कायलाना आणि तखतसागर या तलावांत घेतले जाते व तेथून ते शहराला मिळते. मुख्य कालवा दुरुस्तीसाठी बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद ठेवतात, आणि या ‘नहरबंदी’त पुरवठा नेमका तहान वाढते तेव्हाच आखडतो. तिच्या तयारीसाठी घरचा टांका, म्हणजे गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवणारा जमिनीखालचा हौद, आदल्या पावसाळ्यापूर्वीच सज्ज केलेला बरा.

प्रथम हिशेब मांडावा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. येथे वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवरून, वीस टक्के तूट धरूनही, सुमारे २८,००० लिटर पाणी हाती येईल. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर लागतात असे धरले, तर पाऊस निम्माच झाला तरी मिळालेले १४,००० लिटर २८० दिवस, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून पुढच्या जुलैच्या आरंभापर्यंत, कसेबसे पुरतात. तीन मीटर व्यासाचा आणि तितकाच खोल गोल टांका २१,००० लिटरचा होतो. त्याहून मोठा बांधण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

जेठ महिन्यात टांका रिकामा करून तळाचा गाळ काढावा, भिंतींच्या चिरा सिमेंटने बुजवाव्यात आणि गच्ची झाडून घ्यावी. पन्हळीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी. पहिल्या सरीचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते पन्हळीचा तोटा फिरवून बाहेर सोडावे आणि पाणी नितळ दिसू लागल्यावरच तोटा टांक्याकडे वळवावा. एरवी थेंब मोजणाऱ्या घरात ही पहिली सर सोडवत नाही, पण तेथे मोह आवरावाच.

जुन्या शहरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कालव्याचे पाणी आल्यानंतर तेथील भूजल वर चढले आणि तळघरांत पाझरू लागले. वाळवंटातील शहराला ओल छळते, हे ऐकून बाहेरच्यांना हसू येते. अशा ठिकाणी टांक्याला आतून-बाहेरून जलरोधक गिलावा हवा आणि तो मैलावाहिनीपासून दूर हवा. नाहीतर बाहेरचे दूषित पाणी आत मुरते.

साठा झाल्यावर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळीच टांक्यात ओतावी. त्यानंतर अर्धा तास पाणी काढू नये. झाकण घट्ट असावे आणि पाणी हातपंपाने काढावे, कारण दोरी-बादली आत गेली की अंगणातली मातीही आत जाते.

नळाचे पाणी धुण्याभांड्यासाठी वेगळ्या टाकीत साठवावे. पाऊस फारच कमी झाला असेल, तरच फेब्रुवारीत, नहरबंदी लागण्यापूर्वी, नळाच्या पाण्याने टांका भरून घ्यावा आणि त्यावर निवळीची मात्रा पुन्हा द्यावी.