हळदीत पडलेला अंधार

पंचवटीतल्या एका कार्यालयात हळदीला मी पहिल्यांदा 'सेकंड', म्हणजे मुख्य फोटोग्राफरचा जोडीदार म्हणून उभा राहिलो. कॅमेऱ्यासोबत आलेली १६-५० मिलिमीटरची किट लेन्स, मोड मॅन्युअल (सगळं हाताने लावायचं), ॲपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं भोक ३.५ (आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ३२००. मांडवाचे फोटो झकास आले. मग नवरीचा चेहरा जवळून घ्यायला झूम केलं आणि फ्रेम काळवंडली. मी शटरशी झटत बसलो, तोवर हळद पुसून झाली. मुख्य फोटोग्राफर दादा म्हणाले, "झूम केलंस ना? भोक लहान झालं."

किट लेन्सवर ३.५-५.६ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच. पूर्ण झूमवर ५.६ च्या पुढे उघडतच नाही, म्हणजे निम्म्याहून कमी उजेड. सगळ्या झूमवर २.८ देणारी लेन्स तिथे किटच्या चौपट उजेड आत घेते.

पण २.८ घ्यायची तर कोणती? एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला सिग्माची १८-५० तीनशे ग्रॅमच्या आत, दिवसभर गळ्यात जाणवत नाही; मात्र तिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय नाही. टॅमरॉनच्या १७-७० मध्ये ते आहे, पल्लाही जास्त, पण वजन सव्वापाचशे ग्रॅम. किटच्या १६ आणि सिग्माच्या १८ मधला फरक (आकडा लहान तितकं जास्त रुंद दिसतं) कागदावर किरकोळ वाटतो. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माजघरात भिंतीला पाठ टेकली की समजतो. (नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला यातली एकही नेऊ नका, ठिपके येतील.)

ॲपर्चर बदलायचं कुठून, हे मात्र नवे लोक दुकानात विचारतच नाहीत. सिग्मा आणि टॅमरॉनच्या या दोन्ही लेन्सना ॲपर्चरची रिंग नाही, बोट कॅमेऱ्याच्या डायलवर. फुजीच्या १८-५५ ला रिंग आहे, पण तिच्यावर आकडे नाहीत. ही २.८-४ ची लेन्स, झूमनुसार मोठ्यात मोठं ॲपर्चर बदलतं, मग आकडा कोरणार कुठला? १६-८० सगळीकडे ४ देते, म्हणून तिच्यावर आकडे आहेत. कॅमेरा बंद असतानाही दिसतात. रामकुंडावर आरतीच्या वेळी मला तीच आवडते, हात डोळ्यांआधी सेटिंग ओळखतो. व्हिडिओ करणाऱ्यांनी फिरवताना होणारं क्लिक बंद करता येणारी रिंग बघावी, सोनीच्या दुसऱ्या पिढीच्या २४-७० जीएमवर तसं बटण आहे. किंमत बघून मी लेन्स काउंटरवर परत ठेवली होती.

२.८ च्या नादात स्टेजवरच्या दोन रांगांचा ग्रुप फोटो काढलात तर मागची मावशी धूसर येईल आणि अल्बम बघताना तीच आधी बोलेल. तिथे ५.६ च लागतं, म्हणून किट विकायची घाई नको, २.८ आधी एका लग्नापुरती भाड्याने आणा.

किटवर काम असेल तर मी आता पाहुणे यायच्या आधी लेन्स पूर्ण झूम करतो, ५.६ लावतो आणि तिथे उजेड जुळवतो. मग झूम मागे घेतला तरी ५.६ तसंच राहतं.