गाऊट निघाला, आता काय करायचं?

रात्री झोपताना सगळं ठीक असतं. पहाटे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका सुरू होतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. सकाळी पाहावं तर सांधा लाल, चकचकीत, गरम. मुरगळला असेल, काहीतरी चावलं असेल, असं म्हणण्यात दिवस जातो आणि मग डॉक्टर म्हणतात, गाऊट आहे, म्हणजे युरिक ॲसिड या द्रव्याचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात. ऐकणाऱ्याला आधी धक्का बसतो आणि पाठोपाठ शरम वाटते, कारण 'खाऊन-पिऊन ओढवून घेतलेलं दुखणं' अशीच या आजाराची जुनी ख्याती. ती शरम आधी बाजूला ठेवा. पुढे उपचार फसतात ते बऱ्याचदा तिच्यामुळेच.

पायरी 1 : निदान पक्कं करा

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. गाऊट असेल तर त्यात सुईच्या आकाराचे स्फटिक दिसतात. 1961 पासून ही तपासणी माहीत आहे, पण प्रत्येक वेळी ती केली जात नाही. लक्षणं अगदी ठरावीक असतील तर डॉक्टर त्यावरूनही निदान करतात.

रक्तातल्या युरिक ॲसिडचा आकडा मात्र दोन्हीकडून फसवतो. ऐन झटक्यात तो नॉर्मल येऊ शकतो, म्हणून दुखणं उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावं. उलट बाजूने, आकडा वाढलेला आहे पण सांधा कधीच दुखला नाही, अशा बहुतेकांना गाऊट होतही नाही.

सुजलेल्या सांध्याबरोबर ताप आणि थंडी वाजून येत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच दिसतो आणि तो काही दिवसांत सांधा निकामी करू शकतो.

पायरी 2 : आधी ठणका उतरवा

यासाठी मुख्यतः तीन प्रकारची औषधं असतात: नेप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कोल्चिसिन आणि स्टेरॉइड. तुमच्यासाठी कुठलं, हे किडनी, पोटातला अल्सर, हृदयाचं दुखणं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांवर ठरतं. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागून घेऊ नका. औषध पहिल्या 24 तासांत सुरू झालं तर उत्तम.

कोल्चिसिनबद्दल थोडं सावध. पूर्वी जुलाब लागेपर्यंत ते देत राहायचे. आता कमी डोसही तितकाच चालतो हे कळलं आहे, तेव्हा 'अजून एक घेऊन पाहू' नको. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकबरोबर तर ते विषारी ठरू शकतं.

पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा, सांधा चोळू नका. पायथ्याशी एखादं खोकं ठेवून पांघरूण त्यावर टाका, म्हणजे अंगठ्याला ते टेकत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत झटका ओसरतो, औषध न घेताही ओसरतो. घोडं इथेच पेंड खातं. दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असं वाटतं, पण स्फटिक सांध्यातच असतात.

पायरी 3 : बिघाड कुठे आहे ते समजून घ्या

प्युरिन नावाच्या द्रव्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये ते मोडणारं एक एन्झाइम असतं. आपण आणि आपले वानरकुळातले नातलग ते उत्क्रांतीत हरवून बसलो. यातलं बरंचसं युरिक ॲसिड शरीर स्वतःच तयार करतं. आहारातून येणारा वाटा साधारण एक तृतीयांश. बहुतेक रुग्णांत खरी अडचण निचऱ्याची असते: किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि यात आनुवंशिकतेचा मोठा हात असतो.

पाकात साखर मावेनाशी झाली की तळाशी खडे धरतात, तसंच हे. डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर युरिक ॲसिड विरघळलेलं राहत नाही. स्फटिक धरायला थंड जागा सोयीची, आणि पायाचा अंगठा शरीरातल्या थंड जागांपैकी एक.

मासिक पाळी थांबेपर्यंत स्त्रियांना हा आजार सहसा होत नाही, हे हिपोक्रॅटीसच्या काळापासून नोंदलेलं आहे. त्यानंतर मात्र होतो. 'बायकांना कुठे गाऊट होतो' म्हणत साठीतल्या बाईचा सुजलेला सांधा कोणी झटकून टाकत असेल तर ऐकून घेऊ नका.

पायरी 4 : पथ्य करा, पण बेताने

बिअर आणि कडक दारू, साखर घातलेली शीतपेयं, कलेजीसारखे अवयव, लाल मांस आणि शिंपल्यांसारखे मासे कमी करा. डाळी, पालक, मश्रूम यांच्यावर उगाच बंदी असते. त्यांत प्युरिन असलं तरी गाऊटचा धोका त्यांनी वाढलेला आढळलेला नाही. कमी स्निग्धांशाचं दूध-दही चांगलं. पाणी भरपूर प्या. वजन हळूहळू उतरवा, कारण कडक उपासाने युरिक ॲसिड उलट चढतं. एवढं सगळं करूनही आकडा साधारण 1 मिलिग्रॅमने उतरतो. ज्याचा 9 आहे, त्याला नुसतं पथ्य पुरणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पायरी 5 : चालू गोळ्यांची यादी दाखवा

लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि कमी डोसची ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवतात. लोसार्टन हे रक्तदाबाचंच औषध मात्र ते थोडं कमी करतं. स्वतःहून काहीच बंद करू नका. बदल सुचवणं डॉक्टरांचं काम.

पायरी 6 : रोजच्या गोळीचा निर्णय घ्या

वर्षातून दोन किंवा अधिक झटके, कातडीखाली पांढुरक्या गाठी किंवा एक्स-रेत झिजलेला सांधा दिसला तर युरिक ॲसिड कमी करणारी रोजची गोळी लागते. किडनीचा आजार किंवा मूतखडा असेल तर पहिल्या झटक्यानंतरही तिचा विचार होतो. बहुधा ॲलोप्युरिनॉलने सुरुवात होते, 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि रक्त तपासत डोस वाढवतात. लक्ष्य 6 च्या खाली, गाठी असतील तर 5 च्या खाली.

गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात. जुने स्फटिक विरघळू लागल्याची ती खूण असते, आणि नेमके तेव्हाच बरेचजण 'हे औषध बाधलं' म्हणून ते सोडून देतात. हे टाळायला पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी डोसचं कोल्चिसिन देतात. झटका आला तरी रोजची गोळी चालूच ठेवायची. अपवाद एकच: अंगावर पुरळ उठलं तर गोळी तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांना गाठायचं. काही वंशांच्या लोकांत ही प्रतिक्रिया गंभीर होण्याचा धोका जास्त असल्याने त्यांची आधी जनुकीय तपासणी करतात.

आकडा स्थिरावला की साधारण दर सहा महिन्यांनी रक्त तपासा, आणि त्याच फेरीत रक्तदाब, साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉलही पाहून घ्या. प्रवासाला निघताना झटक्यावरची गोळी, डोस लिहिलेल्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत नको. ठणका रात्री उठतो.